थंडीतील ग्रंथसोबत

दिवाळी होऊन गेली, तुळशीचे लग्न लागले, आणि पहाटे अंगावरील पांघरूण दूर सारण्यास जीव धजेनासा झाला, की वाचनाची आवड असलेल्या कुटुंबांत एक लहानसा प्रश्न हमखास उपस्थित होतो. नाताळच्या सुटीत चार दिवस कोठेतरी जावयाचे ठरलेले असते. सामान बांधताना कपड्यांच्या घड्यांमध्ये दोन-तीन पुस्तके सरकवावीत असे कोणास तरी वाटते. आणि मग ती कोणती असावीत यावर थोडा वादही होतो. "आता काही रडके नको, जरा ऊब वाटेल असे घ्या," असा निकाल घरातील एखादी वडील व्यक्ती देते, आणि तो बहुधा सर्वांस मान्य होतो. हा निकाल वरवर पाहता केवळ आवडीनिवडीचा दिसतो. परंतु त्याच्या पोटी नीतीचा एक प्रश्न आहे, आणि तो आमच्या मते दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ज्ञानासाठी वाचावे, चित्तशुद्धीसाठी वाचावे, हे सर्वांनीच मान्य केलेले आहे. केवळ ऊब मिळावी म्हणून वाचणे हे कितपत योग्य? आणि ज्यांस ती ऊब मुळीच मिळत नाही अशी माणसे हाकेच्या अंतरावर असताना तर ते कितपत योग्य?

हा प्रश्न कोठेही विचारता येईल. परंतु घोलवडास नेऊन विचारला असता त्याची धार अधिक जाणवते. घोलवड हे पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील, पश्चिम रेल्वेवरील एक लहानसे गाव. एका अंगास समुद्र आणि किनाऱ्यावरील सुरूची बने. दुसऱ्या अंगास पारशी व इराणी बागाइतदारांनी प्रथम नावारूपास आणलेल्या चिकूच्या वाड्या. येथील चिकूस २०१६-१७ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा गावाचे नाव दूरवर पोहोचले. परंतु मुंबईकर कुटुंबांस हे गाव विसाव्याचे ठिकाण म्हणून त्यापूर्वीच ठाऊक झाले होते. समुद्राच्या सान्निध्यामुळे येथील हिवाळा सौम्य. घाटमाथ्यावरील माणसास तो हिवाळा वाटणारही नाही. पहाटे एखादी शाल पुरते, दहाच्या सुमारास तीही नकोशी होते. झाडांवरून चिकू उतरविण्याचे काम चाललेले असते, आणि बागेतील घराच्या पडवीत खुर्ची टाकून मनुष्य वाचीत बसतो. वाचनास याहून अनुकूल स्थळ व काळ शोधून सापडणे कठीण.

त्याच वाचकाने पुस्तकातून मान वर करून पूर्वेकडे पाहिले, तर त्या दिशेस तलासरीचा मुलूख आहे. तेथे वारली आदिवासींचे पाडे आहेत. खळ्यावरचे भात घरी आले, की दिवाळीनंतर या मुलखातील कित्येक कुटुंबे मुलाबाळांसह वीटभट्ट्यांच्या कामावर परगावी जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचा हिवाळा उघड्यावर, तात्पुरत्या खोपटात जातो. म्हणजे ज्या महिन्यांत शहरातील कुटुंब विसावा शोधीत घोलवडास येते, त्याच महिन्यांत तेथील शेजारी विसाव्यास पारखा होऊन गाव सोडतो. हे दोन प्रवास एकाच स्थानकावरून, कदाचित एकाच दिवशी घडत असतील. अशा ठिकाणी पडवीत बसून 'ऊबदार' पुस्तकाचे पान उलटणे हा निष्पाप व्यवहार आहे असे कोणी म्हणू लागला, तर त्यास दोन प्रश्न विचारण्याचा अधिकार इतरांस पोहोचतो.

कठोर नीतिवाद्याचे उत्तर सरळ आहे. तो म्हणेल: शेजारी कुडकुडत असता आपण कल्पनेच्या शेगडीशी हात शेकणे हे निर्दयतेचे लक्षण होय, वाचावयाचेच असेल तर मनास टोचणी लावील असे वाचावे, नाहीतर पुस्तक ठेवून कामास लागावे. या मतात सत्याचा अंश आहे, आणि तो आम्ही पुढे घेणारच आहोत. परंतु आहे तसे ते आम्हांस मान्य नाही, आणि त्याची कारणे दोन आहेत. पहिले असे, की एकाच्या कुडकुडण्याने दुसऱ्याची थंडी कमी होत नाही. आपली शाल टाकून देऊन ती कोणास दिली तर तो धर्म. नुसतीच खुंटीला टांगून आपण गारठत बसलो तर तो देखावा. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ऊब ही चैन आहे असे गृहीत धरूनच हा नीतिवादी बोलतो. आजारातून उठणाऱ्यास, नुकतेच माणूस गमावलेल्यास, वार्धक्यात एकटे पडलेल्यास, दिवसभर दुसऱ्याचे हिशेब लिहून शिणलेल्यास एखादे स्नेहाळ पुस्तक जे देते, त्यास चैन म्हणणे म्हणजे भाकरीस पक्वान्न म्हणण्यासारखे आहे. चिं. वि. जोशी यांचा चिमणराव आणि त्याचा गुंड्याभाऊ यांनी महाराष्ट्रातील किती आजाऱ्यांच्या उशाशी बसून सोबत केली असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही; ती सेवा मात्र खरी आहे.

तेव्हा ऊब हवी असणे हा दोष नव्हे. प्रश्न उरतो तो ऊब कोणत्या जातीची, हा. आणि येथे आपल्या घरातील दोन साध्या वस्तूंकडे पाहिल्यास विचारास मदत होते. थंडीचा प्रतिकार आपण दोन साधनांनी करतो: गोधडीने आणि शेकोटीने. गोधडीच्या अंगी स्वतःची उष्णता मुळीच नाही. आपल्याच शरीराची उष्णता ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच तिचे कार्य. आजीच्या जुन्या लुगड्याची असल्यामुळे ती प्रिय असते, तिचा वास ओळखीचा असतो. पण ती आपल्याला आपलेच परत देते. शिवाय गोधडीत एकाच माणसाची सोय, फार तर कुशीतल्या लेकराची. शेकोटीचा प्रकार वेगळा. तिची उष्णता बाहेरची आहे. तिच्यासाठी काहीतरी जळावे लागते. धूर डोळ्यांत जातो. पुढची बाजू भाजते आणि पाठ गारच राहते. परंतु तिच्याभोवती दहा माणसे बसू शकतात, आणि अकरावा आला तर सरकून जागा करून देता येते.

पुस्तकेही याच दोन जातींची आहेत असे आम्हांस वाटते. काही पुस्तके गोधडीसारखी. ती आपल्या ओळखीच्या भावना, आपली ठरून गेलेली मते, आपल्या बालपणाच्या आठवणी आपल्याच अंगाभोवती लपेटून देतात. बाराव्यांदा वाचलेली गोष्ट, शेवट ठाऊक असलेली रहस्यकथा, ज्यात कोणाचे कायमचे वाईट होणार नाही अशी कादंबरी, ही सारी त्या वर्गात येतात. त्यांचा उपमर्द करण्याचे कारण नाही; गोधडीवाचून हिवाळा निभत नाही. दुसरी पुस्तके शेकोटीसारखी. त्यांची ऊब लेखकाने स्वतः काहीतरी जाळून निर्माण केलेली असते, आणि ती घेताना वाचकास थोडा धूर सोसावा लागतो. ज्याचे सारे वाचन गोधडीत होते, त्याची थंडी जाते खरी. पण तो उठत नाही. जो मनुष्य रात्री पांघरूण घेतो तो शहाणा. जो दिवस उजाडल्यावरही त्यातून डोके बाहेर काढीत नाही, त्यास आपल्या भाषेत वेगळा शब्द आहे.

आपल्या पूर्वजांच्या हिवाळी वाचनाची रीत या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह बसतो. त्याच महिन्यात गीताजयंती येते. गुरुवारी महालक्ष्मीची कहाणी वाचली जाते. एरवीही संध्याकाळी हरिविजय किंवा पांडवप्रताप लावण्याची चाल घरोघर होती. या वाचनाचा विशेष असा, की पुस्तक कोणते वाचावयाचे हे वाचक ठरवीत नसे, तर तिथी ठरवी. आणि वाचणारा एक असला तरी ऐकणारे अनेक असत. साक्षरता थोडी होती, पोथी एकच होती, दिवाही एकच होता. या तिन्ही उणिवांमुळे वाचन हे आपोआपच सामुदायिक झाले. शेजारीण पदर सावरून दाराशी येऊन बसे. म्हातारा सासरा मध्येच एखाद्या ओवीचा अर्थ सांगे, आणि तो चुकला तर कोणी हळूच सुधारून घेई. या रीतीचे दोष आम्ही जाणतो. ओटीवर कोणी बसावे आणि अंगणाबाहेर कोणी थांबावे, हे जातीने ठरविलेले असे, आणि ज्यांस पुण्यकथेची ऊब सर्वांत अधिक लागली असती त्यांसच ती भिंतीपलीकडून ऐकावी लागे. तथापि वाचन ही दहांनी मिळून करावयाची गोष्ट आहे, ही जी जाणीव त्या रीतीत होती, ती आपण एकेकट्याने मनात वाचू लागल्यापासून बव्हंशी गमावली. आज आपण पुस्तक आपल्या आवडीने निवडतो, हा मोठाच लाभ आहे. परंतु जो एकटा निवडतो आणि एकटाच वाचतो, त्याची प्रवृत्ती गोधडीकडे झुकावी हे स्वाभाविक आहे.

शेकोटीच्या पुस्तकांचे स्वरूप समजण्यास मराठीतील दोन ग्रंथांच्या जन्मकथा उपयोगी पडतील. दोन्ही हिवाळ्यात जन्मले आणि दोन्ही तुरुंगात. लोकमान्य टिळकांनी गीतारहस्याचे लेखन मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११ च्या हिवाळ्यात, शिसपेन्सिलीने केले. ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. घरापासून शेकडो कोस दूर, प्रकृती क्षीण झालेली, अशा स्थितीत त्या पुरुषाने जो विषय निवडला तो शांतीचा वा विस्मृतीचा नव्हता. मनुष्याने संसारात राहून कर्म का करावे, हाच तो विषय होता. दुसरा ग्रंथ साने गुरुजींची 'श्यामची आई'. नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत तो लिहून झाला. त्यातील प्रकरणांस 'रात्र' असे नाव आहे, आणि अशा बेचाळीस रात्री त्यात आहेत. कारण श्याम आपल्या सोबत्यांस रोज रात्री गोष्ट सांगतो आणि ते भोवती बसून ऐकतात, अशी त्याची रचना आहे. म्हणजे तुरुंगात असलेल्या लेखकाने आपल्या कथेसाठी रचना निवडली ती शेकोटीची. महाराष्ट्रातील घरोघरी हे पुस्तक ऊबदार म्हणूनच वाचले जाते. परंतु त्यात दारिद्र्य आहे, कर्ज आहे, अपमान आहे, आईचा मृत्यू आहे. एवढे सारे असूनही ते वाचून मनुष्य थंड पडत नाही. यावरून एक गोष्ट सिद्ध होते, की पुस्तकाची ऊब त्यातील दुःखाच्या अभावावर अवलंबून नाही. "रडके नको" हा आपल्या वडीलधाऱ्यांचा निकष त्यामुळे अपुरा ठरतो.

बाहेरच्या जगातही याची साक्ष मिळते. इंग्रजी वाचकांत नाताळच्या दिवसांत शेगडीशेजारी वाचावयाच्या पुस्तकांची जी परंपरा आहे, तिचे कुलदैवत म्हणजे डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही गोष्ट. ती डिसेंबर १८४३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी डिकन्सने खाणींत व कारखान्यांत राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी अहवाल वाचला, आणि संतापून त्याविरुद्ध एक पत्रक काढण्याचे मनात आणले; पुढे पत्रक बाजूस ठेवून त्याने ही कथा लिहिली. आज ज्या गोष्टीकडे लोक सणाच्या गोडव्यासाठी वळतात, तिचे सरपण हे असे बालमजुरांच्या दुःखाचे होते. आम्हांस वाटते, थंडीत टिकणारी पुस्तके बहुधा अशाच लाकडाची असतात.

आता पुन्हा घोलवडकडे वळू. कारण त्या मुलखाचेही स्वतःचे एक पुस्तक आहे, आणि ते सुटीच्या सामानात घालावे की घालू नये हा आमच्या प्रश्नाचा कसोटीचा भाग आहे. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे ते पुस्तक. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्यास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली, तीस उंबरगाव तालुक्यातील काही वारली आले होते. त्यानंतर मे महिन्यात झरी येथे वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठ करावयाची नाही असा निश्चय तेथे झाला. वेठ म्हणजे सावकार-जमीनदाराचे विनामोबदला काम. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही धन्याच्या घरी बांधले जात. अशा माणसास 'लग्नगडी' म्हणत. एका मंगल शब्दाच्या पोटात एवढी गुलामगिरी मावू शकते, हे त्या पुस्तकाच्या वाचकास प्रथमच कळते. पावसाळा संपताच गवतकापणीच्या मजुरीचा लढा उभा राहिला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. हे सारे ज्या भूमीवर घडले, तिच्याच किनाऱ्यावर आज सुटीची घरे आहेत.

हे पुस्तक घोलवडच्या पडवीत वाचावे, असे आमचे मत आहे. परंतु येथे एक सूक्ष्म धोका आहे, आणि कठोर नीतिवाद्यास तो बहुधा दिसत नाही. दुःखी जनांची कथा वाचल्याने वाचक आपोआप त्यांच्या बाजूस जातो, असा त्याचा समज असतो. वस्तुस्थिती तशी नाही. दया ही मनुष्यास मिळणाऱ्या उबांपैकी एक अत्यंत सुखकर ऊब आहे. दुसऱ्याच्या हालांची हकीकत वाचताना डोळे पाणावतात, आपले अंतःकरण किती कोमल आहे याची आपणांस खात्री पटते, आणि त्या खात्रीत गुरफटून मनुष्य शांत झोपी जातो. अशा वेळी शेकोटीच्या पुस्तकाची त्याने गोधडी केलेली असते. याच्या उलटही घडते. एखादी साधी विनोदी गोष्ट वाचून हसलेला मनुष्य मोकळ्या मनाने उठतो, आणि दाराशी आलेल्या माणसाशी एरवीपेक्षा चार शब्द अधिक बोलतो. म्हणून पुस्तकाच्या विषयावरून त्याची नीती ठरविता येत नाही. परुळेकरबाईंच्या पुस्तकाचे सामर्थ्य हेच, की ते दयेस फारसा वाव देत नाही. त्याच्या नावातच मनुष्य जागा होण्याची गोष्ट आहे. आणि जागा होणारा तो वारली आहे, त्यास जागविणारी कोणी परोपकारी शहरवासी मंडळी नव्हे, हे पानापानांतून जाणवते. दया करावयास आलेल्या वाचकास तेथे आदर करावा लागतो. दयेची ऊब आपलीच आपल्याकडे परतते. आदर मात्र समोरच्यास द्यावा लागतो, आणि तो देताना आपल्या आसनावरून थोडे उठावे लागते.

त्याच १९४५ सालाच्या अखेरीस, घोलवडला लागूनच असलेल्या बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपले ग्राम बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. तेथील एक प्रसंग आमच्या विषयाशी निकटचा आहे. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसले, तेव्हा या बायांनी मुलांस दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' या कल्पनेचा उगम तेथे आहे. महागडी साधने परवडण्यासारखी नव्हती, म्हणून पाने, बिया, शंख-शिंपले यांचीच साधने झाली. पुढे १९५७ साली हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणातच शाळा भरू लागली. या कार्याची हकीकत अनुताईंनी 'कोसबादच्या टेकडीवरून' या आत्मकथनात दिली आहे. हिवाळ्यात कोणते पुस्तक निवडावे असा प्रश्न ज्यास पडतो, त्याच्या घरी पुस्तके आहेत हे त्या प्रश्नातच आले. ज्या मुलाच्या घरी एकही पुस्तक नाही, त्यास निवडीचा प्रश्नच पडत नाही. ताराबाई-अनुताईंनी वाचनाची शेकोटी जेथे माणसे होती तेथे नेऊन पेटविली. माणसांनी आपल्या ओटीवर यावे म्हणून त्या वाट पाहत बसल्या नाहीत.

परंतु याचा अर्थ असा कोणी करू नये, की पुस्तक नाही तेथे ऊब नाही. वारल्यांच्या हिवाळ्यास त्यांचा स्वतःचा ग्रंथ आहे, तो फक्त कागदावर नाही. पीक घरी आले की तारपा वाजू लागतो. वाजविणारा मध्ये आणि हातात हात गुंफलेली स्त्रीपुरुषांची माळ त्याच्याभोवती फिरते. लग्नघरी भिंत सारवून तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. वारली लोक चित्र 'काढीत' नाहीत, 'लिहितात', हा शब्द ध्यानात घेण्याजोगा आहे. डहाणू तालुक्यातील गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची लिपी कागदावर व कापडावर आणली, आणि जगभर नेली. २०११ साली त्यांस पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. त्यांच्या चित्रांतील तारप्याचा वेढा पाहिला म्हणजे शेकोटीची कल्पना आम्ही शोधून काढलेली नाही, ती या मुलखात पूर्वापार नांदत आहे, याची खूण पटते. घोलवडास ऊबदार पुस्तक घेऊन जाणाऱ्याने, आपण ऊब घेऊन ओसाड प्रदेशात निघालो आहोत, असा अभिमान बाळगू नये.

एवढ्या विवेचनानंतर सुटीच्या सामानात काय घालावे, असे कोणी विचारले तर आम्ही टाळाटाळ करणार नाही. एक पुस्तक निखळ गोधडीचे असावे. ज्याने त्याने आपल्या आवडीचे घ्यावे, त्याची कोणास कैफियत देऊ नये. दुसरे, जेथे जावयाचे त्या स्थळाकडे व ऋतूकडे पाहण्यास शिकविणारे असावे. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आपल्या महिन्यामहिन्यांतील झाडे, फुले, पाखरे, आभाळ यांचे निरीक्षण मांडते. मार्गशीर्ष-पौषाची प्रकरणे त्या-त्या महिन्यातच वाचावीत आणि पुस्तक मिटून बाहेर जाऊन पडताळून पाहावीत. हे पुस्तक वाचकास पडवीवरून उठविते, हा त्याचा गुण. तिसरे पुस्तक त्या भूमीतील माणसांचे असावे. घोलवडपुरते ते कोणते, हे वर सांगितलेच आहे. आणि चौथ्यास जागा असेल तर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' घ्यावीत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंचा संसार दुभंगला. विरह, निंदा, दारिद्र्य, प्लेग हे सारे त्यांच्या वाट्यास आले. ती हकीकत ही बाई अशा मिस्कील, निर्वैर वाणीने सांगते, की वाचकास हसू आवरत नाही, आणि हसता हसता घसा दाटून येतो. ज्या समाजाने छळले त्याच्यावर तिचा राग नाही. ज्या पतीने न विचारता आयुष्य उलथे केले त्याची थट्टा आहे, द्वेष नाही. गोधडीची माया आणि शेकोटीची धग या दोहोंचा असा मिलाफ मराठीत आम्हांस दुसरीकडे क्वचितच आढळला.

परंतु यादीपेक्षा रीत महत्त्वाची, असे आम्हांस राहून राहून वाटते. चार दिवसांच्या मुक्कामातील एक तरी संध्याकाळ मोठ्याने वाचण्यासाठी राखून ठेवावी. एकाने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. मुलांनी मध्ये प्रश्न विचारले तर वाचणाऱ्याने थांबावे. आणि वाडीत राबणारी, स्वयंपाक करणारी माणसे जवळ असतील व त्यांची इच्छा असेल, तर त्यांसही बोलवावे. ओटी आणि अंगण यांतील जुनी रेघ पुन्हा ओढू नये. त्यांनी यावेच असे नाही. दिवसभर काम केलेल्या माणसास घरी जाऊन निजणेच अधिक प्रिय असेल, आणि तो त्याचा हक्क आहे. किंवा असेही होईल, की 'जेव्हा माणूस जागा होतो' मधील एखादा प्रसंग ऐकून त्यांपैकी एखादा म्हणेल, "हे असे नव्हते; माझा आजा वेगळे सांगत असे," आणि मग पुस्तक मिटून सर्वांनी त्याचे ऐकावे लागेल. ग्रंथाचा यात मुळीच अपमान नाही.

ऊब मिळावी म्हणून वाचणे योग्य आहे काय, हा प्रश्न आम्ही आरंभी विचारला. आमचे उत्तर होकारार्थी आहे, मात्र त्यास एक अट आहे. पुस्तक मिटल्यानंतर आपण भोवतालच्या माणसांस आधीपेक्षा अधिक स्पष्ट पाहू लागलो, की अधिक पुसट, एवढे ज्याने त्याने प्रामाणिकपणे तपासावे. पुसट दिसू लागली असतील तर ते पुस्तक, मग त्याचा विषय कितीही उदात्त असो, काही दिवस बाजूस ठेवावे. ही तपासणी दुसऱ्या कोणासही आपल्यासाठी करता येत नाही. टीकाकारास नाही, मासिकास नाही. थंडीचे दिवस थोडे असतात, आणि कोकणपट्टीत तर फारच थोडे. संक्रांत झाली की ऊन चढू लागते, पांघरुणे घडी घालून माळ्यावर जातात, आणि वीटभट्ट्यांवर गेलेली माणसे मात्र अजून चार महिने परतावयाची असतात.